ओळीच्या आधीची खूण

वर्ड प्रोसेसरमध्ये बुलेट ही मजकुराच्या बाहेरची गोष्ट असते. बटण दाबलं की येते, पुन्हा दाबलं की जाते, आणि तिच्यावर कर्सर नेऊन ठेवता येत नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मात्र ती एक अक्षर असते. इतर अक्षरांसारखी ती टाइप करावी लागते, शोधली की सापडते, कॉपी केली की सोबत जाते, खोडायची राहिली की तशीच पडून राहते. म्हणून टिपणांत कोणती खूण वापरायची हे ठरवताना मी आधी त्या ओळीच्या पुढच्या आयुष्याकडे पाहतो. ती वरखाली हलवली जाईल, दुसऱ्या मुद्द्याखाली सरकवली जाईल, काही वर्षांनी शोधली जाईल, तेव्हाच्या कुठल्या तरी वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये उघडली जाईल. या सगळ्यात खूण तग धरणार आहे का, एवढंच पाहायचं. दिसण्याचा विचार त्यानंतर.

उमेदवार मोजके आहेत: डॅश, म्हणजे कीबोर्डवरचं साधं उणे-चिन्ह, तारा, अधिक, आणि खरा गोल ठिपका. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन (साध्या मजकुरातल्या खुणांवरून शीर्षकं, याद्या बनवायची लेखनपद्धत) प्रसिद्ध केलं तेव्हा पहिल्या तिघांना एकच दर्जा दिला. साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासून ज्या खुणा करत होते त्यांनाच त्यांनी नियमात बसवलं. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी डॅश, तारा आणि अधिक यांतलं काहीही लिहिलं तरी यादी होते. पण 'काहीही चालतं' याचा अर्थ 'सगळं सारखं आहे' असा नाही, आणि फरक कळतो तो लिहिताना नव्हे तर नंतर.

तारा दिसायला छान आहे, पण त्याच्यावर कामाचा बोजा फार. मार्कडाउनमध्ये शब्द ठळक किंवा तिरपा करायलाही ताराच लागतो. मुद्द्याची सुरुवातच ठळक शब्दाने झाली तर ओळीच्या तोंडाशी तीन तारे येतात, त्यांतला पहिला यादीचा आणि उरलेले दोन ठळकपणाचे. संगणकाला ते कळतं, डोळ्याला एक क्षण लागतो. शोधताना रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची रीत, वापरलं की ताऱ्याला तिथे स्वतःचा वेगळा अर्थ असतो, म्हणून त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते. आणि फाइल ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या एडिटरमधली टिपणांची पद्धत) उघडायची असेल तर ओळीच्या अगदी सुरुवातीचा तारा म्हणजे शीर्षक. तिथे तारा यादीसाठी वापरायचाच तर आधी किमान एक स्पेस सोडावी लागते. म्हणजे मार्कडाउनमधली तारांकित यादी ऑर्गमध्ये नेली की पहिल्या पातळीचा प्रत्येक मुद्दा प्रकरण होऊन बसतो.

गोल ठिपका वाचायला सर्वांत स्वच्छ. नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या फाइलमध्ये त्याच्याइतकं सुंदर काही नाही. अडचण टाइप करण्यात आहे: मॅकवर ऑप्शन आणि ८, विंडोजवर ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०१४९, लिनक्सच्या अनेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू आणि मग २०२२. प्रत्येक मुद्द्यासाठी एवढं कोणी करत नाही, मग घाईत डॅश येतो आणि एका फाइलमध्ये दोन खुणा होतात. दुसरी अडचण जुळ्या भावंडांची. •, ·, ∙, ● ही चारही चिन्हं युनिकोडमध्ये वेगवेगळी आहेत. एका ठिकाणाहून एक चिकटवलं, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरं, की डोळ्याला सारखीच दिसणारी यादी शोधात अर्धीच सापडते. मार्कडाउन या ठिपक्याला यादीची खूण मानतच नाही; सगळे मुद्दे जोडून एक सलग परिच्छेद करून टाकतं. रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही मार्कडाउनसारखीच दुसरी पद्धत मात्र त्याला मानते. शिवाय काही ॲप्स आपण टाइप केलेल्या डॅशचा परस्पर ठिपका करतात. ती सोय सेटिंगमध्ये शोधून बंद करावी, आणि त्याच वेळी दोन डॅशची एक लांब रेघ करणारी सोयही बंद करावी.

उरला डॅश. शिफ्ट दाबावी लागत नाही, ठळकपणाशी भांडण नाही, मार्कडाउन, ऑर्ग, रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि तशीच आणखी एक पद्धत आस्कीडॉक, सगळीकडे चालतो. माझं मत स्पष्ट आहे: दुसरं कारण नसेल तर डॅश. पण त्याचेही दोन सापळे आहेत. मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या लगेच खालच्या ओळीवर नुसते डॅश असतील तर वरची ओळ दुसऱ्या पातळीचं शीर्षक बनते, आणि कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या नेमक्या मांडलेल्या आवृत्तीच्या, नियमांप्रमाणे त्यासाठी एकच डॅशही पुरतो. परिच्छेद लिहिला, खाली आलो, डॅश टाकला आणि पुढे काय लिहावं याचा विचार करत थांबलो, की शेजारच्या प्रीव्ह्यूमध्ये वरचा मजकूर अचानक मोठा आणि ठळक होतो. बिघाड काहीच नसतो. परिच्छेद आणि यादी यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सोडली की हे थांबतं. दुसरा सापळा फाइलच्या दोन आवृत्त्यांची तुलना करताना दिसतो. तिथे काढलेल्या ओळीपुढे उणे लागतं, वाढवलेल्या ओळीपुढे अधिक. मग खोडलेला मुद्दा दोन डॅशनी सुरू होतो आणि नवा मुद्दा अधिक-उणे अशा जोडीने. सवयीने डोळा बसतो, पण पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो.

यादीच्या आधीची ती रिकामी ओळ इतरही कारणांनी हवी. कॉमनमार्कमध्ये ती नसली तरी डॅशची यादी सुरू होते; ग्रुबर यांच्या मूळ मार्कडाउनमध्ये आणि पायथन-मार्कडाउन या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होत नाही; रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये तर यादीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे ती सक्तीची आहे. मुद्द्यांच्या मधल्या रिकाम्या ओळींचं गणित वेगळं. कॉमनमार्कमध्ये दोन मुद्द्यांमध्ये कुठेही एक रिकामी ओळ आली की पूर्ण यादी 'सैल' ठरते आणि प्रत्येक मुद्दा स्वतंत्र परिच्छेद बनून सगळीकडे अंतर वाढतं. वीस मुद्द्यांतल्या दोघांमध्ये चुकून राहिलेली ओळ वीसही मुद्द्यांना लांब लांब ढकलते. म्हणून एक तर सगळीकडे सोडावी, नाही तर कुठेच नको.

आता पातळ्या. पहिल्या पातळीला डॅश, दुसरीला तारा, तिसरीला अधिक अशी पद्धत पुष्कळांची असते, आणि कागदावर ती नीटनेटकी दिसते. मी तिच्या विरोधात आहे. टिपणं हलतात. दुसऱ्या पातळीवरचा मुद्दा महत्त्वाचा ठरून पहिल्या पातळीवर आला की समास (ओळीआधीची मोकळी जागा) बदलायचा आणि खूणही बदलायची. त्याच्या पोटातल्या मुद्द्यांच्याही बदलायच्या. एखादी राहून जाते. आणि कॉमनमार्कमध्ये एकाच पातळीवर खूण बदलली की तिथे जुनी यादी संपून नवी सुरू होते. ऑर्ग-मोड पातळी बदलताना खूणही आपोआप बदलून देऊ शकतो, कंट्रोल-सी आणि मग उणे दाबलं की पूर्ण यादीची खूण फिरवतोही. तिथे ही चैन परवडते. इतरत्र पातळी समासाने दाखवावी आणि खूण सगळीकडे एकच ठेवावी. खूण बदलल्याने यादी तुटते हा नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण एकाखाली एक दोन वेगळ्या याद्या हव्या असतील तर दुसरीला अधिक-चिन्ह देणं हा सरळ उपाय आहे.

आस्कीडॉकने वेगळी वाट घेतली: एक तारा पहिली पातळी, दोन तारे दुसरी, तीन तारे तिसरी. समास नसला तरी चालतो. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गिळणाऱ्या चौकटींतून मजकूर न्यायचा असेल तर ही पद्धत टिकते, समासावर उभी असलेली यादी सपाट होते. पण फांदी हलवली की प्रत्येक ओळीवरचे तारे मोजून कमी-जास्त करावे लागतात.

समासात सर्वाधिक मोडतोड होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कॉमनमार्कचा नियम असा की पोटमुद्दा वरच्या मुद्द्याच्या मजकुराखाली यायला हवा, खुणेखाली नव्हे. डॅश आणि एक स्पेस मिळून दोन जागा होतात, म्हणून पोटमुद्द्याला दोन स्पेस पुरतात. '1.' आणि स्पेस मिळून तीन जागा, म्हणून तीन स्पेस. इथवर सगळे येतात. घोटाळा दहाव्या मुद्द्यावर होतो:

```
9. मसुदा तपासणे
   - आकडे
10. मसुदा पाठवणे
   - मुखपृष्ठ
11. उत्तराची वाट पाहणे
```

'10.' आणि स्पेस मिळून चार जागा होतात आणि 'मुखपृष्ठ' तीनच स्पेस आत आहे. म्हणजे तो दहाव्याचा पोटमुद्दा उरत नाही. क्रमांकांची यादी तिथे संपते, डॅशची एक स्वतंत्र यादी सुरू होते आणि अकराव्यापासून तिसरी. फाइलमध्ये पाहिलं तर सगळं सरळ रेषेत दिसतं, म्हणूनच चूक सापडत नाही. त्यात पायथन-मार्कडाउनला प्रत्येक पातळीला चार स्पेस लागतात. दोन स्पेस दिल्या तर पोटमुद्दा वरच्याच पातळीवर चढून बसतो. या सगळ्यांतून निघणारा तोडगा चार स्पेसचा. डॅशखाली चार स्पेस कॉमनमार्कलाही चालतात, नव्याण्णव क्रमांकांपर्यंतही चालतात. चार स्पेसचा समास आणि डॅशनंतरची एकच स्पेस हे डोळ्याला तिरकं वाटत असेल तर डॅशनंतर तीन स्पेस द्याव्या, मजकूर बरोबर पाचव्या जागेवर सुरू होतो. खुणेनंतर चारपर्यंत स्पेस चालतात; पाच झाल्या की पुढचा मजकूर कोडचा तुकडा समजला जातो.

टॅबबद्दल वाद जुना आहे. एक टॅब म्हणजे एक पातळी हा हिशेब मला आवडतो, आणि आउटलाइन बनवणारे अनेक प्रोग्रॅम टॅब बरोबर ओळखतात. पण टॅब किती रुंद दिसावा हे फाइल ठरवत नाही, ती उघडणारा प्रोग्रॅम ठरवतो: कुठे चार, कुठे आठ. टॅब वापरा किंवा स्पेस वापरा, एका फाइलमध्ये दोन्ही नकोत. एडिटरमध्ये अदृश्य अक्षरं दाखवण्याची सोय असते, ती महिन्यातून एकदा लावून पाहिली तरी मिसळण लगेच दिसते. विम या एडिटरमध्ये रीटॅबची आज्ञा सगळे टॅब एकाच पद्धतीत आणते.

लांब मुद्दा दुसऱ्या ओळीवर गेला तर ती ओळ खुणेखाली न येता मजकुराखाली यावी, म्हणजे खुणांचा उभा रकाना मोकळा राहतो आणि डोळा त्यावरून सरळ खाली उतरतो. मार्कडाउन दुसरी ओळ समासाला चिकटलेलीही स्वीकारतं. वाचणाऱ्याने मात्र ते का सोसावं? पण त्याहून मला पटलेली पद्धत म्हणजे एक मुद्दा एक ओळ, मध्ये एंटर न मारता. गुंडाळण्याचं काम एडिटरकडे. विममध्ये ब्रेकइंडेंट लावलं की गुंडाळलेली ओळही समासात राहते. कारण शोधाचं आहे. ग्रेपसारखं फाइलींत शोधायचं साधन फक्त जुळलेली ओळ दाखवतं. मुद्दा तीन ओळींत तोडला असेल तर त्याचा एक तृतीयांश हाती येतो, आणि शोधलेला शब्दसमूह नेमका तुटलेल्या जागी असेल तर तेवढंही नाही. क्रमवारी लावायची झाली तरी हेच: एक मुद्दा एक ओळ असेल तर पूर्ण यादी एका आज्ञेत लागते. पोटमुद्दे असलेल्या यादीवर ती आज्ञा कधीही चालवू नये, मुलं आईबापांपासून वेगळी होतात.

क्रमांक द्यावेत ते दोनच कारणांसाठी: क्रम मोडला तर काम बिघडतं म्हणून, किंवा 'चौथा मुद्दा' असा उल्लेख पुढे करायचा आहे म्हणून. नुसतं व्यवस्थित दिसावं म्हणून दिलेले क्रमांक पुढे सतत सांभाळावे लागतात. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये एक मुद्दा घातला की खालचे सगळे बदलायचे. मार्कडाउनमध्ये प्रत्येक ओळीला '1.' लिहिलं तरी छापताना १, २, ३ होतं, आणि ही युक्ती पुष्कळ ठिकाणी शिकवली जाते. पण साध्या मजकुराची टिपणं बहुतेक वेळा कच्चीच वाचली जातात, आणि कच्च्या फाइलमध्ये सात वेळा एक हा आकडा दिसण्याला काही अर्थ नाही. त्यापेक्षा शेवटी एकदा नीट क्रमांक घालावेत. विममध्ये ओळी निवडून जी आणि मग कंट्रोल-ए दाबलं की आकडे चढत्या क्रमाने लागतात. ऑर्गमध्ये यादी स्वतःच सुधारते. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आकड्याऐवजी # लिहायची सोय आहे. दीर्घकाळ वाढत जाणारी यादी असेल तर १०, २०, ३० असे क्रमांक द्यावेत, मध्ये जागा राहते. क्रमवारी लावायची असेल तर आधी शून्य हवं, नाही तर अक्षरक्रमात १० हा २ च्या आधी येतो. आणि दुसऱ्या फाइलमधून एखाद्या मुद्द्याचा उल्लेख होणार असेल तर क्रमांकावर विसंबूच नये. त्या ओळीत एक न बदलणारा शब्द खूण म्हणून ठेवावा आणि तो शोधावा.

परिच्छेदाची सुरुवात '1986.' अशा सालाने आणि टिंबाने झाली तर मार्कडाउनला ती १९८६ व्या क्रमांकाची यादी वाटते. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली की सुटतं. परिच्छेदाच्या मध्यावर ओळ तुटून असा आकडा सुरुवातीला आला तर कॉमनमार्क त्याला यादी मानत नाही. वाहता परिच्छेद तोडण्याचा हक्क फक्त १ या आकड्याला आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक जास्तीचा नियम आहे. कॉमनमार्क यादीसाठी फक्त 0 ते 9 हे आकडे ओळखतं. '१.', '२.' असं देवनागरीत लिहिलं की यादी होत नाही, सगळे मुद्दे एका परिच्छेदात ओतले जातात. 'अ)', 'ब)' यांचीही तीच गत, ऑर्गची अक्षरी यादीसुद्धा रोमन अक्षरांपुरतीच आहे. म्हणून छापून किंवा रूपांतरित होऊन बाहेर जाणाऱ्या टिपणांत यादीचे आकडे इंग्रजी ठेवावेत, कच्च्याच वाचायच्या टिपणांत देवनागरी आकडे खुशाल वापरावेत. शोधतानाही लक्षात असू द्यावं की 0-9 असा शोध घातला तर ० ते ९ सापडत नाहीत. दुसरी गोष्ट विसर्गाची. ऑर्गमध्ये संज्ञा आणि तिचा अर्थ यांच्यामध्ये स्पेस, दोन अपूर्णविराम, स्पेस अशी रचना लागते. मराठी कीबोर्डवरून तिथे दोन विसर्ग पडले तर पडद्यावर फरक जाणवत नाही आणि यादी मात्र होत नाही. तिसरी गोष्ट रकान्यांची. ओळीच्या सुरुवातीचा समास नुसत्या स्पेसचा असल्याने देवनागरीतही बिनचूक राहतो, पण ओळीच्या मध्ये स्पेस देऊन उभे रकाने जुळवू नयेत. मात्रा आणि जोडाक्षरं किती जागा घेतात हे फॉन्टगणिक बदलतं आणि रकाने वाकडे होतात.

एका खुणेवर सगळं भागतं असं नाही. टिपणांत प्रश्न असतात, कामं असतात, पुढे ढकललेल्या गोष्टी असतात. रायडर कॅरल यांच्या बुलेट जर्नल पद्धतीत वहीवर ठिपका म्हणजे काम, फुली म्हणजे झालेलं, उजवीकडचा बाण म्हणजे पुढे नेलेलं, आडवी रेघ म्हणजे नुसती नोंद. हाताने लिहिताना ते फार सोयीचं आहे, कारण ठिपक्यावरच फुली मारता येते. फाइलमध्ये ओळ > ने सुरू केली तर मार्कडाउनला ते अवतरण वाटतं आणि ? ने सुरू केली तर काहीच वाटत नाही. म्हणून डॅश तसाच ठेवावा आणि अर्थाची खूण त्याच्यानंतर लिहावी:

```
- ? परवानगी कोणाकडून घ्यायची
- ! शेवटची तारीख बदलली
- \> पुढच्या आठवड्यात पाहणे
- [ ] तक्ता पूर्ण करणे
```

यादी यादीच राहते आणि सगळे प्रश्न एका शोधात मिळतात. डॅशनंतरचा नुसता बाणही मार्कडाउनला अवतरणच वाटतो, म्हणून त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ आहे. चार-पाच अर्थ पुरे. त्याहून जास्त झाले की लिहिताना आठवावं लागतं, आणि आठवावी लागणारी खूण घाईत वगळली जाते. चौकटी कंसातली स्पेस महत्त्वाची आहे: कंस मध्ये स्पेस न सोडता लिहिले तर गिटहबसारख्या ठिकाणी चौकट उमटत नाही. काम झालं की त्या स्पेसच्या जागी इंग्रजी एक्स. ऑर्गमध्ये आत डॅश असेल तर काम अर्धवट झालेलं, आणि वरच्या ओळीत [/] लिहिलं की किती झाली, किती एकूण, हे तो मोजत राहतो. फाइलभर नुसती कामंच असतील तर जीना ट्रपानी यांची टूडू-टीएक्सटी (todo.txt) ही पद्धत अधिक सरळ: तिथे बुलेट नाहीच, एक ओळ हेच एक काम.

इतकं सगळं जमलं तरी इथे यादी हवी होती का, हा प्रश्न राहतोच, आणि मला तो खुणेच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ही यादी पाहा:

```
- जुनी आवृत्ती मंद आहे
- नवी आवृत्ती महाग आहे
- निर्णय मार्चमध्ये
```

जुनी मंद असली तरी नवी महाग आहे म्हणून निर्णय मार्चपर्यंत लांबवला, असा हिचा अर्थ होतो. नवी महाग असली तरी जुनी इतकी मंद आहे की मार्चमध्ये निर्णय घ्यावाच लागेल, असाही होतो. लिहिताना अर्थ डोक्यात होता, म्हणून तो लिहायची गरज वाटली नाही. 'म्हणून', 'तरी', 'इतकी की' हे शब्द यादीत गळतात, आणि टिपणाचा जीव बहुधा त्यांतच असतो. वस्तू, नावं, पायऱ्या, अटी यांची यादी करावी. कारणं आणि निष्कर्ष यांचं वाक्य करावं. यादीत लिहायचंच असेल तर तो जोडणारा शब्द मुद्द्याच्या तोंडाशी ठेवावा: '- म्हणून निर्णय मार्चमध्ये'. तीन पातळ्यांखाली जावं लागत असेल तर वरच्या पातळीला शीर्षक करावं. एखाद्या मुद्द्याखाली एकटाच पोटमुद्दा असेल तर त्या दोघांचं एक वाक्य होतं का पाहावं. बहुतेक वेळा होतं. आणि एका यादीतले मुद्दे एकाच घडणीचे असावेत, सगळी क्रियापदं किंवा सगळी नामं, म्हणजे वेगळा पडलेला मुद्दा चुकून आलाय की मुद्दाम, हे कळतं.

जुन्या फाइली एका खुणेवर आणायच्या असतील तर आधी प्रत करून ठेवावी. मग ओळीची सुरुवात, शून्य किंवा अधिक स्पेस, तारा आणि एक स्पेस असा शोध घालून फक्त ताऱ्याच्या जागी डॅश बसवावा. ताऱ्यानंतरच्या स्पेसची अट सोडू नये, तीमुळेच ठळक शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी वाचतात. तरी एक गोष्ट निसटते: आडव्या रेघेसाठी लिहिलेले सुटे तीन तारे. त्यांतला पहिलाच बदलतो आणि रेघेच्या जागी एकात एक तीन रिकाम्या याद्या उगवतात. त्या ओळी आधीच शोधून तीन डॅश कराव्यात, आणि त्या डॅशच्या वर एक रिकामी ओळ आहे ना, हे पाहावं. ऑर्गच्या फाइलींवर ही आज्ञा चालवू नये, पहिल्या पातळीची सगळी शीर्षकं मुद्दे होतील. शेवटी जुन्या आणि नव्या प्रतीची तुलना उघडून, कुठे कुठे ओळीच्या पहिल्या चिन्हापलीकडे काही बदललंय का, ते वरपासून खालपर्यंत एकदा वाचून घ्यावं.